सावकाश धावणाऱ्यांची मॅरेथॉन : शेवटचा माणूस पोचेपर्यंत

(मालवण येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

रविवारची संध्याकाळ, जेटीवर वारा सुटलेला, आणि तरीही तुम्ही इथे सभागृहात येऊन बसलात, याबद्दल आधी आभार. विषय धावण्याचा आहे, पण घाबरू नका. आज कुणालाही पळायला लावणार नाही. (हशा)

सुरुवात एका एसएमएसने करू. आमच्यातल्या एक काकी, वय अठ्ठावन्न, एका मोठ्या शहरातल्या शर्यतीत दहा किलोमीटर धावायला गेल्या होत्या. शहराचं नाव सांगत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. काकींनी दहा किलोमीटर पुरे केले. वेळ लागला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. त्या पोचल्या तेव्हा शेवटची कमान खाली उतरवत होते. रस्त्यावरची मॅट, म्हणजे बुटाला लावलेल्या चिपची नोंद घेणारी ती पट्टी, गुंडाळून टेम्पोत टाकली होती. केळी संपली होती. दुपारी फोनवर निरोप आला : आपण शर्यत पूर्ण केलेली नाही.

काकी आम्हाला म्हणाल्या, "म्हणजे कागदोपत्री मी अजून रस्त्यावरच असंय!" (हशा) आम्हीही तेव्हा हसलो. पण घरी आल्यावर त्यांनी बूट कपाटात टाकले आणि पुढचे तीन महिने बाहेर काढले नाहीत. हसण्यावारी नेलेली गोष्ट अशी लागलेली होती.

आम्ही जी सावकाश धावणाऱ्यांची मॅरेथॉन करतो तिची सुरुवात या एसएमएसपासून झाली. 'मॅरेथॉन' हा शब्द आम्ही थोडा लाडानेच वापरतो. अंतर कुणाला पाच किलोमीटर, कुणाला दहा. वेळ मोजत नाही. नंबर काढत नाही. भोंगा नाही, सेलिब्रिटी नाही. पन्नासेक माणसं जमतात, समुद्राच्या कडेने जातात आणि परत येऊन पेज पितात. आज सांगायचंय ते हे, की वरवर गंमत वाटणाऱ्या या प्रकारामागे बराच हिशेब आहे. शरीराचा आहे, समुद्राचा आहे आणि माणसांचाही आहे.

बेचाळीस किलोमीटर आले कुठून?

आधी थोडा इतिहास बघू. मॅरेथॉनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते : इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर ग्रीकांनी इराण्यांना हरवलं, एक निरोप्या अथेन्सपर्यंत धावत गेला, विजयाची बातमी सांगितली आणि कोसळला. पण त्या युद्धाचा जवळचा इतिहासकार हिरोडोटस याने ही गोष्ट लिहिलेलीच नाही. त्याने लिहिलंय ते अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला गेलेल्या धावपटूबद्दल, आणि ते अंतर दोनशे चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. कोसळून मरण्याची कथा काही शतकांनंतरच्या लेखकांनी आणली.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं. तिथली मॅरेथॉन साधारण ४० किलोमीटरची होती. स्पिरिडॉन लुई या ग्रीक माणसाने ती २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत जिंकली. मग १९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनासमोर संपवायची ठरली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये हाच आकडा जगभर कायम झाला. तेव्हा मंडळी, ज्या अंतरासाठी माणसं गुडघे झिजवतात ते असं सोयीसोयीने ठरलेलं आहे. त्यापेक्षा कमी धावलं तर ते धावणंच नव्हे, असं मानायचं काही कारण नाही.

आता आमच्या काकींच्या जातीचा एक मोठा माणूस सांगतो. १९१२ साली स्टॉकहोमला जपानचा शिझो कानाकुरी मॅरेथॉन धावत होता. भयंकर उन्हाळा होता. वाटेत त्याला घेरी येऊ लागली, तेव्हा एका घराच्या बागेत तो शिरला. त्या लोकांनी त्याला सरबत पाजलं, विश्रांती दिली. शर्यत सुटली याची त्याला इतकी लाज वाटली की आयोजकांना न कळवताच तो मायदेशी निघून गेला. स्वीडनच्या दप्तरात तो बेपत्ता! १९६७ साली स्वीडिश लोकांनी त्याला सन्मानाने बोलावलं. पंच्याहत्तरीच्या कानाकुरीने स्टॉकहोमच्या मैदानात शेवटची रेषा ओलांडली आणि त्याची वेळ जाहीर झाली : ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. (हशा) काकींचे एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे त्यामानाने वाराच!

पण त्याच १९१२ च्या शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा धावपटू कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेणासारखा लेप लावला होता, असं सांगतात. घाम बाहेर पडायची वाटच बंद. लाजेने निघून गेलेला वाचला आणि नेटाने धावत राहिलेला गेला. थांबता येणं हीसुद्धा धावणाऱ्याची एक विद्या आहे, हे आम्ही या दोघांकडून शिकलो.

आणि आपला माणूस? १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावा क्रमांक. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षाही जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतं. त्यांच्या तीन जागा पुढे कोण होतं माहितीये? सोळाव्या क्रमांकावर हाच शिझो कानाकुरी! पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यातली मुलं बघून सर दोराबजी टाटांनी खेळाडू परदेशी पाठवायचं मनावर घेतलं, त्यातून ही वाट उघडली. एकोणिसावा नंबर म्हणून चौगुले आपण विसरलो. पहिल्या तिघांच्या पलीकडे बघायची सवयच आपल्याला नाही.

सावकाश धावणं ही नवी टूम नाही

साठ वर्षांपूर्वी मोठी माणसं रस्त्यावर उगाच धावत नसत. धावणारा एकतर खेळाडू, नाहीतर चोर. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये मध्यमवयीन लोकांना हळूहळू धावायला लावलं. अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ साली तिथे गेले. तरण्याबांड खेळाडूंना शिकवणारा हा माणूस तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर टेकडीवर धावायला गेला आणि मागे पडला, असा किस्सा सांगतात. परत येऊन त्यांनी गावकऱ्यांना जॉगिंग शिकवलं, त्यावर पुस्तक लिहिलं. 'जॉगिंग' हा शब्द आपल्या शिवाजी पार्कापर्यंत आला तो त्या लाटेतून.

हवाईतल्या होनोलुलूची मॅरेथॉन १९७३ साली सुरू झाली. तिच्यामागे एक हृदयरोगतज्ज्ञ होते, डॉ. जॅक स्कॅफ. हृदयविकार होऊन गेलेल्यांना ते सावकाश धावायला शिकवत. त्या मॅरेथॉनला आजही वेळेची मर्यादा नाही. शेवटचा पोचेपर्यंत रेषा उघडी असते.

लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ ला १३ जण पाच किलोमीटर धावले. पुढे त्याचं 'पार्करन' झालं आणि ते वीसहून अधिक देशांत पसरलं. दर आठवड्याला, फुकट, स्वयंसेवकांच्या जोरावर. तिथे एक पद्धत आहे : एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यात शेवटी चालतो. त्यामुळे येणारा कुणीही शेवटचा ठरतच नाही. किती साधी युक्ती!

आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे. मुंबईची २००४ साली सुरू झाली आणि तिच्यात पहिल्यापासून सुमारे सहा किलोमीटरची 'ड्रीम रन' आहे. तिथे माणसं झांजा वाजवत, सोंगं घेऊन, आजीला खुर्चीत बसवून जातात. म्हणजे गंमतीने धावणं आपल्याला परकं नाही.

पण खरं सांगायचं तर त्यासाठी मुंबईपर्यंतसुद्धा जायला नको. पंढरीची वारी घ्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि ते चालतं कोण? खेळाडू नव्हे, शेतावरची माणसं. दिंडी आपल्या चालीने चालते, विसावा ठरलेला असतो, मागे राहिलेल्याला कुणी बाद करत नाही. आणि वारीत धावणंही आहे बरं का. गोल रिंगणात पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, वीणेकरी धावतात, टाळकरी धावतात. पहिला कोण आला ते कुणी विचारत नाही. वेळापूरच्या अलीकडे 'धावा' होतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळे वारकरी तो उतार धावत उतरतात. सत्तरीची आजी पदर खोचून धावते. आमच्या मॅरेथॉनचं मूळ शोधायचंच असेल तर ते आम्हाला तिथे सापडतं.

सावकाश म्हणजे किती सावकाश?

हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर घड्याळात नाही, तोंडात आहे. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. डॉक्टर मंडळी याला बोलण्याची चाचणी म्हणतात. आम्ही तिला गजालीची चाचणी म्हणतो. (हशा) मालवणी माणसाला गजाली मारता येईनात, तर समजावं की तब्येत बिघडली!

जपानमध्ये फुकुओका विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोआकी तनाका यांनी यावर बरंच काम केलं. त्यांनी या वेगाला नाव दिलं 'निको निको', म्हणजे हसतमुख वेग. पावलं छोटी, टाच आपटायची नाही, चेहऱ्यावर हसू टिकलं पाहिजे. चालण्याइतक्याच वेगाने, पण धावण्याच्या ढंगाने. अमेरिकेच्या जेफ गॅलोवेंची युक्ती वेगळी : थोडं धावा, थोडं चाला, पुन्हा धावा, आणि चालणं दमल्यावर नाही तर दमायच्या आधीच सुरू करा. आमच्याकडे नवखा माणूस एक मिनिट धावतो आणि दोन मिनिटं चालतो. बऱ्याच जणांचं आयुष्यभर तेच चालतं, आणि चालू दे.

आता एक गैरसमज. लोकांना वाटतं, सावकाश धावलं तर फायदा नाही. तर हिशेब बघा. धावताना माणसाला दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी लागते, आणि वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. ६५ किलोच्या माणसाने पाच किलोमीटर २५ मिनिटांत काढले काय नि ४५ मिनिटांत काढले काय, खर्च सव्वातीनशेच्या आसपासच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. गजालीच्या वेगाने धावलं की तो व्यायाम आपोआप होतो. आपल्या प्रत्येक वाडीत मधुमेहाच्या गोळ्यांची डबी असलेलं घर आहे, त्यामुळे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण हे नाणं उलटून बघा. फुल मॅरेथॉन पहाटे सहाला सुटली. जिंकणारा सव्वादोन तासांत, सव्वाआठला, घामसुद्धा नीट न वाळता सावलीत बसतो. साडेसहा तास घेणारा पोचतो साडेबाराला. म्हणजे खरं ऊन कुणी खाल्लं? पायावर जास्त वेळ कोण राहिलं? पाण्याची, मिठाची, डॉक्टरची गरज कुणाला जास्त? शेवटच्याला. आणि केळी कुणाला मिळत नाहीत? त्यालाच. टेबलं पुढच्यांच्या वेळापत्रकाने मांडली जातात आणि उचलली जातात. काकींचा प्रश्न मानापमानाचा होताच, पण तो सुरक्षिततेचाही होता हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

पाणी, मीठ आणि पेज

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे : दमट हवा. अंग गार होतं ते घाम वाहिल्याने नाही, घाम वाळल्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हवेत आधीच ओल असेल तर घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. म्हणून साताऱ्याच्या घाटात जो माणूस मजेत धावतो तो मालवणात त्याच वेगाने हैराण होतो. उपाय एकच, वेग कमी करायचा. आणि आम्ही धावतो ते डिसेंबर ते फेब्रुवारीतच. मार्चनंतर नको.

मग पाणी भरपूर प्यावं? इथे जरा कान देऊन ऐका, कारण ही चूक सावकाश धावणाऱ्यांचीच आहे. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शेवटच्या रेषेपाशी तपासलं. शंभरात तेरा जणांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं होतं. तहान नसताना टेबलागणिक पाणी पीत गेल्याने रक्त पातळ झालेलं. चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांत आणि धावून वजन वाढलेल्यांत हे जास्त दिसलं. हो, धावून वजन वाढलेल्यांत! म्हणजे घामातून गेलं त्याहून जास्त पाणी आत गेलं. डोकं दुखणं, मळमळ, हात सुजणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. आपण बघणारे समजतो की पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी पाजतो. ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून आमचा नियम : तहान लागेल तेवढंच प्या. पाच किलोमीटरला घोट-दोन घोट पुरतात. लांबचं अंतर असेल तर मीठ घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत. शहाळं उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे नुसत्या शहाळ्यावर मिठाची भर होत नाही. आणि शेवटी उकड्या तांदळाची पेज, मीठ, लोणच्याची फोड. पाणी, मीठ, पिष्ट सगळं एका वाटीत. आपल्या आज्यांनी तापातून उठलेल्याला हेच दिलं, ते उगाच नाही. फक्त रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

पंचांग बघून धावायचं

आता समुद्राचा हिशेब. आमची वाट वायरीपासून तारकर्लीच्या दिशेने, पुळणीवरून. पुढे देवबागपर्यंत वाळू चालूच राहते, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. ज्याला जिथून वाटेल तिथून त्याने मागे वळावं.

सुक्या भुसभुशीत वाळूत धावायला कडक रस्त्यापेक्षा सुमारे दीडपटीहून जास्त ताकद लागते. आणि चालायला तर दुपटीहून जास्त. ओहोटीची ओली, दडस वाळू मात्र पायाला सुखाची. मग ओहोटी हवी कधी? आपले मच्छीमार बांधव जो आडाखा वापरतात तोच आम्ही वापरतो : तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. पहाटे तीनला भरती म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. आम्ही सहाला निघतो, म्हणजे आम्ही धावत असताना पाणी मागे मागे जातं आणि वाट रुंद होत जाते. सावकाश धावणाऱ्याला याहून काय हवं! अष्टमीला उलट, सहाला भरती, पुळणीवर पाय ठेवायला जागा नाही. एकादशीला तर पाणी चढत असतं. पौर्णिमेला सहाला वाळू मिळते, पण अकराच्या भरतीकडे पाणी वाढत जातं, म्हणजे मागे राहणाऱ्याचीच वाट अरुंद होते. म्हणून तृतीया ते पंचमीच्या जवळचा रविवार आम्ही धरतो. आडाखा ढोबळ आहे, शेवटी भरती-ओहोटीचं अधिकृत कोष्टक बघायचंच.

आणखी दोन गोष्टी. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर, गुडघा धरतो. जाताना आणि येताना त्याच वाटेने गेलं की दोन्ही पायांवर सारखा भार येतो. आणि सकाळी रापण ओढत असतील तर आपण बाजूने जायचं. दोरीवरून उड्या मारायच्या नाहीत, फोटोसाठी आडवं उभं राहायचं नाही. ती त्यांची कामाची जागा आहे, आपली हौसेची.

आमचे नियम

नियम थोडे आहेत. पहिला, निघायच्या आधी सगळ्यांची मोजणी, आणि परत आल्यावर पुन्हा मोजणी. आकडा जुळल्याशिवाय पेजेचं टोप उघडत नाही. दुसरा, शेपटाला दोघं जण, त्यांच्याकडे पाणी, मीठ, फोन आणि शिट्टी. पार्करनची युक्ती, आमच्या पद्धतीने. तिसरा, छातीत दुखलं, हात-जबडा भरून आला, घेरी आली तर थांबायचं, आणि थांबलेल्याची चेष्टा करायची नाही. सावकाश धावण्यात धोका कमी आहे, शून्य नाही. चाळिशीपुढच्या नवख्याने आधी तपासणी करून घ्यावी. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं प्राथमिक शिक्षण आमच्यातल्या काहींनी घेतलंय, बाकीच्यांनीही घ्यावं.

चौथा नियम वादाचा ठरला. आमच्यातले काही म्हणाले, वेळेची मर्यादा अजिबात नको. ऐकायला छान आहे. पण ऊन चढतं, भरती फिरते, स्वयंसेवकांनाही बाजार गाठायचा असतो. मर्यादा नाही असं म्हणायचं आणि मग हळूच टेबल उचलायचं, हे तर काकींच्या बाबतीत झालं त्याहून वाईट. म्हणून आम्ही ठरवलं : नऊ वाजता सगळ्यांनी परत यायचं. कुणी किती लांब जायचं ते नऊच्या हिशेबाने आधी ठरवायचं. सव्वासातला शिट्टी वाजते, तेव्हा जो जिथे असेल तिथून वळतो. अंतर ज्याचं त्याचं, वेळ मात्र सगळ्यांची सारखी. परतताना दमलेल्याला पावणेदोन तास हाताशी राहतात. त्यामुळे वेगवान मुलं लांब जाऊन येतात, काकी जवळून वळतात, आणि बहुतेक सगळे एकाच सुमाराला पेजेपाशी येतात. शेवटचा कोण, हे ओळखायला येत नाही.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : स्पर्धाच नसेल तर मुलं पुढे कशी येणार? देशाला पदकं कोण देणार?*

स्पर्धा हवीच. आपल्या चिवला बीचवर समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, लांबलांबून मुलं येतात, ते बघून ऊर भरून येतो. आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण एक बघा, ज्या घरात आई-बाप स्वतः धावतात तिथल्या पोराला मैदान वेगळं दाखवावं लागत नाही. पदक मिळवणारा एक असतो, आणि पुळणीवर जाऊ शकणारे सगळेच असतात. दोन्हींची सोय गावात असावी.

*प्रश्न : बायकांना लाज वाटते. लोक काय म्हणतील?*

हा खरा प्रश्न आहे. आमच्या काकी पहिल्यांदा वायरीच्या रस्त्याने धावत गेल्या तेव्हा एक म्हातारी अंगणातून ओरडली, "गे बाय, पळतंस कित्याक? वाघ मागे लागलो काय?" (हशा) काकींनी थांबून उत्तर दिलं, "वाघ नाय गे, साखर लागली हा." पुढच्या रविवारी त्या म्हातारीची सून आली. साडी नेसूनच आली, पायात साध्या चपला. आम्ही कपड्यांची, बुटांची अट ठेवलेली नाही ती यासाठी. एकटीला लाज वाटते, दहा जणी असल्या की बघणाऱ्याला वाटते. तेव्हा एकट्याने सुरू करू नका, शेजारणीला हाक मारा.

*प्रश्न : फी किती? प्रायोजक कोण?*

फी नाही. तांदूळ कुणीतरी आणतं, लोणचं कुणीतरी. टी-शर्ट, पदक, कमान यांचा खर्च वाचवला की मॅरेथॉन फार स्वस्त होते. मोठी करायचा विचार मध्यंतरी आला होता. पण पाचशे माणसं आली तर मोजणी जुळणार नाही, पुळणीवर कचरा होईल, रापणवाल्यांची अडचण होईल. त्यापेक्षा प्रत्येक गावाने आपापली करावी. आचऱ्याने करावी, वेंगुर्ल्याने करावी. पंचांग सगळ्यांकडे आहेच.

*प्रश्न : त्या काकी आता धावतात का?*

(हशा) त्या तिकडे तिसऱ्या ओळीत बसल्यात, त्यांनाच विचारा. धावतात. तीन महिन्यांनी बूट बाहेर काढले, तेव्हा एकाला बुरशी आली होती, ती पुसून. मागच्या खेपेला शेपटाच्या दोघांत त्या होत्या. सगळी माणसं आत आली, मोजणी झाली आणि आकडा एकाने कमी भरला. धावपळ झाली, शिट्ट्या झाल्या, दोघं पुळणीवर परत गेले. मग कळलं की मोजणाऱ्या आमच्या तात्यांनी स्वतःला मोजलंच नव्हतं. (मोठा हशा) पण पेज अर्धा तास थंड झाली आणि कुणी तक्रार केली नाही. एक माणूस बाहेर राहिलाय म्हटल्यावर पन्नास जण उभे राहिले, एवढं काकींना पुरलं.

पुढची चतुर्थी जवळच आहे. पहाटे सहाला वायरीच्या पुळणीवर भेटू. उशीर झाला तरी या. आम्ही फार लांब गेलेले नसू.